नळीसकट लावा

चैत्राचं ऊन तापायला लागलं की आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा राहत नाही. ओसरीच्या कडेपासून पार न्हाणीपर्यंत कागदाच्या नळ्या उभ्या असतात. वीतभर उंच, मनगटाएवढ्या जाड, दोन्ही बाजूंनी मोकळ्या. एकीच्या अंगावर वर्तमानपत्रातली साड्यांची जाहिरात, दुसरीच्या अंगावर दहावीच्या भूगोलातला नकाशा. सकाळी ओल्या असतात तेव्हा त्यांना शिजवलेल्या मैद्याचा वास येतो. दुपारी वाळल्या की वाऱ्यानं एकमेकींना घासतात आणि बारीक खसखस चालू होते, देवळात बायका हळू आवाजात बोलत बसल्यासारखी. शनिवारी मी धाराशिवहून एसटीनं तेरखेड्याला येते, फाट्यावर उतरते, दारात पोचते आणि आईचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं.

"कडंकडंनं ये गं. पाडशील."

सत्तावीस वर्षांची बाई मी. मोर्चात पोलिसांच्या गाडीपुढं आडवी बसलेली. आणि स्वतःच्या घरात चोरासारखी भिंतीला पाठ घासत आत जाते. ह्याबद्दल माझी काही तक्रार नाही, आणि हीच अडचण आहे. आजवर माझ्या हातून जे लिहून झालं ते तक्रार होती म्हणून झालं. पत्रकं, निवेदनं, कामगार बायकांच्या मागण्या. संघटनेच्या ऑफिसात मला पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी शिकवल्या होत्या: वाक्य लहान ठेव, शेवटी उद्गारचिन्ह टाक, आणि 'कदाचित' हा शब्द कधी वापरू नकोस. बरं वाटत असताना कसं लिहायचं ते कुणी शिकवलं नाही. तेव्हा हे थोडं वाकडंतिकडं होईल.

आमचं गाव फटाक्यांचं. गावाबाहेर माळावर कारखान्यांच्या शेडी आहेत, एकमेकींपासून अंतर राखून उभ्या असलेल्या, भांडलेल्या जावांसारख्या. दारू भरायचं काम तिकडं. गावात घरोघरी चालायचं ते बिनधोक्याचं काम, नळ्या वळायचं. रद्दीच्या पट्ट्या कापायच्या, बोटाएवढ्या लोखंडी सळईवर खळ लावून गुंडाळायच्या, फळीखाली दाबून पुढं-मागं फिरवायच्या आणि सळई ओढून काढायची. नळी जेवढी घट्ट तेवढा बार मोठा. आईचा हात गावात नावाजलेला. तिची नळी कारखान्यातली माणसं फरशीवर आपटून बघायची आणि टक्क आवाज यायचा, लाकडासारखा. मी सातवीत असताना बाबा गेले. पुढचं माझं सगळं शिक्षण त्या टक्क आवाजावर झालं.

आता चैत्र आला की मला तीन वर्षांपूर्वीचा चैत्र आठवतो. त्याच्या आदल्या महिन्यात, फाल्गुनात, गावात एक टेम्पो आला होता. त्यात गोण्या होत्या आणि गोण्यांमध्ये यंत्रावर वळलेल्या नळ्या. एकसारख्या, गुळगुळीत, कुणाच्याही बोटाचा ठसा नसलेल्या. कारखान्याचा मालक स्वतः आमच्या घरी आला. ओसरीवर टेकला.

"मावशी, हातातला माल पुरा करा. फुडचा करू नगा. तयार नळी यायलीय आता."

आईनं ऐकून घेतलं. चुलीवर आधण ठेवलं, त्याला चहा दिला. तो चहा पिऊन, कप स्वतः विसळून ठेवून गेला. त्यानं कप विसळला ह्याचं आईला कौतुक वाटलं. तिनं चहा दिला ह्याचा मला संताप आला.

दुसऱ्याच दिवशी मी धाराशिवला जाऊन पत्रक लिहिलं. 'यंत्राची नळी नामंजूर!' असा मथळा. खाली अकरा वाक्यं, अकरा उद्गारचिन्हं. छापखान्यातल्या माणसानं विचारलं, "ताई, कागद कोणता लावू?" मी म्हटलं, चांगला लावा, बायका जपून ठेवतील. हजार प्रती घेऊन तेरखेड्याला आले, आळीआळीनं वाटल्या आणि उरलेला गठ्ठा ओसरीवर ठेवला. बायका इतक्या आवडीनं घेत होत्या की माझे डोळे भरून आले. एकजण म्हणाली, "आणखी चार दे गं, जावंला देती." एकीनं तर पदराला हात पुसून मग पत्रक हातात घेतलं. मला वाटलं, पेटलं गाव.

पुढच्या शनिवारी दारात पाऊल टाकलं तर अंगणात शेवटचा माल वाळत होता. बोटाएवढ्या हजारो नळ्या, आणि जवळजवळ प्रत्येकीवर माझी अक्षरं. कुठं 'नामं', कुठं 'जूर', कुठं 'यंत्रा', कुठं नुसतंच एक उद्गारचिन्ह, नळीभोवती सापासारखं वळलेलं.

"आई, हे काय?"

"काय?"

"हे माझं पत्रक हाय."

"व्हय की. कागद लई ब्येस. खळ कशी चपकन बसती."

"वाचलं तरी का तू?"

"वाचलं की. वरचं मोठं वाचलं."

शमीमचाची तिथंच पट्ट्या कापत बसलेली. पलीकडच्या घरातली, आईची वीस-पंचवीस वर्षांची जोडीदारीण. माहेर बांगड्या विकणाऱ्यांचं, त्यामुळं तोंडही बांगड्यांसारखंच, सारखं वाजत असतं. ती कात्री न थांबवता म्हणाली, "अश्विनी बेटा, तुझा कागद एक नंबर. फुडच्या बारीला जरा जाड आण. बार आणखी मोठा व्हतो."

मी उरलेल्या दोनेकशे प्रती उचलल्या, बाजेखालच्या पत्र्याच्या पेटीत कोंबल्या आणि दिवसभर आईला नाही नाही ते बोलले. त्या वर्षी दिवाळीत माझी अकरा वाक्यं कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी गल्लीत भरपूर वाजली असणार. माझ्या कुठल्याच लेखनाचा त्याआधी एवढा आवाज झाला नव्हता.

आज हे हसत सांगते. तेव्हा हसू येत नव्हतं, कारण आईनं मावशीला फोन केला होता. मावशी पुण्याला असते. तिनं एका सोसायटीत चार घरच्या पोळ्यांचं काम बघून ठेवलं. आईनं मला सरळ सांगितलं, "मिरगापतूर बघती. हाताला काम लागलं तर लागलं, न्हायतर घराला कुलूप लावती आन जाती." आईला पोळ्या लाटायची लाज नव्हती. तिला घर सोडायचं नव्हतं. ह्या अंगणात तिनं बाबांची तिरडी बघितली, माझं पहिलं पाऊल बघितलं, आणि इतकी वर्षं नळ्या वाळवल्या. पण ती हे असलं बोलत नाही. ती फक्त 'मिरगापतूर' म्हणाली आणि मी मृग लागेपर्यंतचे आठवडे बोटांवर मोजायला लागले.

त्याच दिवसांत धाराशिवच्या एका कॉलेजात व्याख्यान होतं. विषय, बदलतं कामाचं जग. वक्ते इस्त्रीच्या शर्टातले, बाटलीतलं पाणी पिणारे. सांगत होते, काळ बदलतोय, तुम्ही बदला, जुनं सोडा, नवं शिका. मी उठून उभी राहिले आणि विचारलं की जुनं सोडल्यापासून नवं शिकेपर्यंत माणसानं खायचं काय, ते जरा सांगा. सभागृहात हशा झाला. वक्तेही हसले. 'चांगला प्रश्न आहे' असं म्हणून ते पुढच्या मुद्द्याकडं गेले. तो प्रश्न अजून माझ्यापाशीच पडून आहे. जुळवून घ्या असं यंत्राला कुणी म्हणत नाही, टेम्पोला कुणी म्हणत नाही. ओसरीवर बसलेल्या बाईलाच म्हणतात. हे मला आजही खटकतं, आणि खटकत राहावं अशी माझी इच्छा आहे.

मग चैत्री पौर्णिमा आली. येरमाळ्याला येडाईची जत्रा. आई कधी चुकवत नाही. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी निघते आणि लोक शेतातली चुनखडी वेचतात, पांढरे खडे, आणि एका ढिगावर नेऊन टाकतात. एवढ्या मोठ्या गर्दीत प्रत्येक माणूस खाली वाकलेला, हे मी दुसरीकडं कुठंच बघितलेलं नाही. आमच्या मोर्चात सगळ्यांच्या माना वर असतात. इथं सगळ्यांचे डोळे मातीत. त्या वर्षी मीही वेचली. मागणं काय होतं ते सांगायची गरज नाही. शमीमचाचीही आमच्याच गाडीनं आली होती, तिचा भाऊ जत्रेत बांगड्यांचं दुकान लावायचा. आणि त्याच जत्रेत, घासाघीस करून, आईनं एक पितळी कुलूप घेतलं. नवं, जड, दोन किल्ल्यांचं. ते तिनं पिशवीत टाकलं तेव्हा चाचीनंही तोंड बंद ठेवलं. ती गप्प बसते तेव्हा गोष्ट गंभीर असते.

उन्हात घसे कोरडे पडले म्हणून आम्ही तिघी हायवेच्या कडेच्या एका रोपवाटिकेत पाणी मागायला शिरलो. रोपवाटिका जालिंदरबप्पांची. साठीचे, डोक्याला टॉवेल, चेहऱ्यावर कायमचा वैताग. हिरव्या जाळीखाली बसून ते एका पेल्याभोवती वर्तमानपत्र गुंडाळत होते. पेला काढला की कागद उलगडत होता. ते शिवी देत होते आणि पुन्हा गुंडाळत होते.

आईनं पाणी प्यायलं, तांब्या ठेवला आणि विचारलं, "बप्पा, काय करायलाव?"

"काय करतो बाई, नशीब गुंडाळायलोय. उलगडतंय सारखं."

कळलं ते असं. शेवग्याची आणि पपईची रोपं घेणारे आता प्लॅस्टिकची पिशवी नको म्हणत होते. पिशवी फाडताना मुळं तुटतात, शेतात प्लॅस्टिक साठतं. त्यांना कागदातलं रोप हवं होतं, कागदासकट मातीत बसवता येईल असं. मृगाच्या लावणीला द्यायचं होतं. आणि बप्पांचा कागद काही उभा राहत नव्हता.

आई थोडा वेळ बघत उभी राहिली. मला तिच्या बोटांची हालचाल दिसत होती, चांगला स्वयंपाक करणाऱ्या बाईला दुसरीची भाकरी फाटताना बघून होतं तसं. शेवटी तिला राहवलं नाही.

"द्या इकडं."

कोपऱ्यात खोरं होतं, त्याचा दांडा तिनं मांडीवर घेतला. खळ नव्हती, तर बप्पांच्या डब्यातला भात चुरून कागदाच्या कडेला लावला. फर्रकन गुंडाळलं, तळव्यानं दोनदा फिरवलं, दांडा ओढला. नळी जमिनीवर उभी राहिली. बप्पांनी तिच्यावर मूठभर माती टाकली, मग एक दगड ठेवला. नळी तशीच.

"कुठल्या म्हणायच्या तुमी?"

"तेरखेड्याच्या."

"मंग बरुबर," बप्पा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा वैताग पहिल्यांदा हलला. "पाचशे देताव का करून? जमलं तर फुडं बघू."

परतीच्या एसटीत आईनं कुलूप पिशवीच्या तळाशी ढकललं आणि वर चुनखडीचा एक खडा ठेवला. सगळे ढिगावर टाकायचे असतात. हा तिनं चुकून आणला म्हणे.

त्या पाचशे नळ्या आई आणि चाचीनं कशा केल्या ते मी डोळ्यांनी बघितलं. जीव ओतून केल्या. सळईऐवजी खोऱ्याच्या दांड्यावर दोन-दोन कागद जोडून आठ वेढे दिले. फळीखाली दाबून दाबून घोटल्या. खळीत कीड लागू नये म्हणून नेहमीसारखं मोरचूद घातलं. आपटलं की टक्क. चाची म्हणाली, "बप्पा को बोलो, हे नळीत पायजे तर म्हैस लावा." बप्पा नळ्या घेऊन गेले, माती भरली, शेवग्याचं बी टाकलं. आठ-दहा दिवसांत कोंब वर आले. आईनं ऐकलं आणि त्या दिवशी गोड शिरा केला.

वैशाखात, भर दुपारी, बप्पा आपल्या जुन्या मोपेडवर एक क्रेट बांधून आमच्या दारात आले. क्रेटमध्ये वीस-पंचवीस रोपं, सगळी पिवळी, माना टाकलेली. ते क्रेट घेऊन ओसरीपाशी आले. खिशातला चाकू काढला आणि एक नळी उभी चिरली. चिरताना चाकूवर जोर द्यावा लागला. आत मूळ होतं. बाहेर यायला जागा सापडली नाही म्हणून ते आतल्या आत गोल गोल फिरलं होतं, स्वतःलाच गुंडाळत, आणि टोकाला काळं पडलं होतं.

"बाई," बप्पा हळू म्हणाले, "ह्येच्यात बार भरायचा न्हाय. झाड भरायचंय."

आई त्या चिरलेल्या नळीकडं बघत राहिली. चूक कशाची होती? कामचुकारपणाची नव्हती, नजरचुकीची नव्हती. तिच्या सगळ्यात चांगल्या गुणाची चूक होती. इतक्या वर्षांत जो घट्टपणा कमावला त्यानंच रोप मारलं. मी पत्रकं लिहिणारी बाई आहे, मला प्रत्येक गोष्टीत कुणीतरी दोषी लागतो. त्या दुपारी अंगणात चार माणसं होती आणि एकही दोषी नव्हता. मला काय करावं सुचेना. म्हणून मी मला येतं ते केलं. बप्पा गेल्याबरोबर कागद घेऊन बसले आणि रोपवाटिकेच्या विरोधात निवेदन लिहिलं. कारागीर महिलांच्या श्रमांचा अवमान! आगाऊ सूचना का दिली नाही! आईला वाचून दाखवलं.

ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "लिवलंयस चांगलं. पण झाड मेलंय ना, बाय."

तिनं माझ्या हातातून तो कागद घेतला, दांड्यावर ठेवला आणि सैल वळायला लागली. जमेना. दोन वेढ्यांनंतर बोटं आपोआप आवळायची. ती सोडायची, पुन्हा सुरू करायची, बोटं पुन्हा आवळायची. चौथ्या वेळी तिनं दांडा खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर उताणे टाकले, जसे ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

"हात ऐकंना गं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "मावशीला फोन लाव."

मी मोबाइल काढला, दोन-चार ठिकाणी उगाच दाबलं आणि रेंज नाही म्हणून सांगितलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात उपयोगी खोटं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शमीमचाची आली ती हातात कडब्याचं एक धाट घेऊन. ज्वारीचं वाळलेलं साधं धाट, शेळीच्या तोंडातून काढून आणावं असं. आईच्या पुढ्यात बसली. "माझी अम्मी बांगड्या भरायची नं, तवा एक बोट मधी घालून बघायची. मनगट आन बांगडीच्या मधी बोट फिरलं पायजे. न्हायतर हात सुजतो." तिनं धाट दांड्याला लावून धरलं. "आता वळ. तुझा हात आवळू दे किती आवळायचा ते."

आईनं दांडा आणि धाट दोन्ही मिळून कागद गुंडाळला. अडीच वेढे. सवयीनं घट्टच. मग चाचीनं आधी धाट ओढून काढलं, आणि नळीनं श्वास सोडल्यासारखं झालं. दांडा सुळकन बाहेर आला. आईनं नळी डोळ्याला लावली आणि तिच्यातून माझ्याकडं बघितलं.

"हां," ती म्हणाली.

तिचा हात बदलला नाही. तो आजही घट्टच आहे. त्याच्या शेजारी एक धाट आलं, एवढंच. जुनं सोडा, नवं शिका म्हणणाऱ्या त्या इस्त्रीच्या शर्टाला मला हे धाट दाखवायचं आहे. माणूस जुनं सोडत नसतं हो. जुन्याच्या बाजूला थोडी जागा करतं.

मुळांना बाधतं म्हणून मोरचूद बंद झालं. खळ फक्त कडेला, बोटाच्या एका पट्टीएवढी. दोनशे नळ्या नमुन्याला द्यायच्या ठरल्या, आणि ऐन वेळी कागद संपला. शाळांची रद्दी निघायची होती, दुकानदार वर्तमानपत्रं देईनात. आई आणि चाची एकमेकींकडं बघायला लागल्या आणि माझ्याकडं बघायचं टाळायला लागल्या. मी उठले, बाजेखालची पेटी ओढली आणि माझी उरलेली पत्रकं काढून आईच्या पुढ्यात ठेवली.

"नगं, ऱ्हाऊ दे ती," आई म्हणाली.

"घे."

"मागच्या बारीला किती बोललीस."

"आता बोलत न्हाय. घे."

मृगाच्या आदल्या दिवशी बप्पांचा निरोप आला, येऊन बघून जा. आईनं पिशवी भरली. तीन साड्या, देवाचा फोटो, चुनखडीचा खडा. घराला नवं कुलूप लावलं. "येरमाळ्यावरनंच पुण्याची गाडी भेटती. जमलं न्हाय तर तशीच जाती. उगं माघारी येऊन रडायचं कशाला." एसटीत ती खिडकीपाशी बसली आणि वाटेतलं प्रत्येक झाड बघत आली. मी तिच्या कमरेला खोचलेल्या किल्लीकडं बघत होते.

बप्पा जाळीखाली उभे होते. आम्हाला बघताच ते रोपांच्या रांगेकडं वळले. वाकून एक नळी उचलली आणि आईच्या तळहातावर ठेवली. वर हिरवीगार पानं. आणि बाजूला, कागद फोडून, बाहेर आलेली मुळाची पांढरी टोकं. तीन-चार होती. एक बरोबर 'नामंजूर'च्या मधून आलं होतं, 'मं' आणि 'जू' बाजूला सारून, इतकं कोवळं की बघताना मलाच जपून श्वास घ्यावासा वाटला.

आईनं अक्षरं वाचली नाहीत. तिनं करंगळीच्या टोकानं मुळाला हात लावला.

"आली की गं," ती म्हणाली.

"बाई, मला धा हजार पायजेत," बप्पा म्हणाले. "पपईला यगळ्या. कवा देताव?"

आईनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. पिशवीकडं बघितलं, हायवेकडं बघितलं, पुण्याच्या दिशेनं एक गाडी गेली तिच्याकडंही बघितलं. मग बप्पांच्या बाजेवर ऐसपैस टेकली आणि म्हणाली, "आधी च्या पाजा."

त्या दिवशी तिला चहा मिळाला आणि मला राग आला नाही.

कुलूप वाया गेलं नाही. मोरचुदाच्या खळीला शेळी तोंड लावत नव्हती. नुसत्या मैद्याची खळ मात्र तिला फार आवडते. चाचीच्या शेळीनं पहिल्याच महिन्यात अंगणातल्या शंभरेक नळ्या खाल्ल्या, दहावीच्या भूगोलासकट. "शिकू दे की तिला बी," चाची म्हणाली, पण आईनं अंगणाला पत्र्याचं फाटक बसवलं आणि त्याला जत्रेतलं पितळी कुलूप घातलं. पुण्याला जायचं कुलूप आता शेळी अडवतं.

माझं काय झालं ते राहिलं. रोपं शेतात गेली आणि बप्पांकडं तक्रार आली की काही रोपं जगली नाहीत. जाऊन बघितलं तर लोकांनी लावताना कागद सोलून काढला होता, सवयीनं, पिशवी फाडतात तसा. सगळी मुळं तुटली. बप्पा आईला म्हणाले, "तुमची पोरगी पत्रकं लिवती ना? एक चिठ्ठी लिवा म्हणावं क्रेटवर लावायला."

मी पानभर लिहिलं. हस्तकला, श्रम, माती, प्लॅस्टिकचं राजकारण. बप्पांनी उन्हात उभं राहून ते वाचायचा प्रयत्न केला आणि परत दिलं. "ताई, वाचणाऱ्याच्या एका हातात खोरं असतंय." मी अर्धं केलं. त्यांनी मान हलवली. मी चार ओळींवर आणलं. शेवटी राहिले दोन शब्द.

नळीसकट लावा.

उद्गारचिन्ह नाही. मी लिहिलेल्या सगळ्या पत्रकांत लोकांनी ऐकलेलं हे एकमेव. माझ्या दोन शब्दांनी किती शेतांत किती शेवगे उभे आहेत ते मला माहीत नाही, पण एसटीतून जाताना बांधावर शेवगा दिसला की मी उगाच मान वर करून बघते.

मोर्चे मी सोडलेले नाहीत. घोषणा देताना अजून माझा आवाज फाटतो. फक्त आता कुठल्या गावात टेम्पो येणार असं कळलं की मी मागण्या लिहायच्या आधी बायकांच्या शेजारी बसते आणि त्यांचे हात काय काय करतात ते बघते. ऑफिसातले जुने लोक म्हणतात, तू मऊ पडलीस. कदाचित. पण एक मागणी माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे आणि ती तिथून हलणार नाही. टेम्पो आल्यापासून मूळ बाहेर येईपर्यंतचे ते तीन महिने कुणाचे? आमच्या वेळी ते आईनं एकटीनं ओढले, आणि पाणी मागायला आम्ही नेमक्या बप्पांच्याच दारात शिरलो. दुसऱ्या बाईनं पुढच्या दारात पाणी मागितलं असतं तर ती आज पुण्यात चार घरच्या पोळ्या लाटत असती. हे तहानेवर सोडू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

काल शनिवार होता. भिंतीला पाठ घासत मी आत गेले. आई आणि चाची ओसरीवर दांडे घेऊन बसलेल्या. धाटं निघत होती, नळ्या उभ्या राहत होत्या, फाटकाबाहेर शेळी कुलूप हुंगत होती. कोनाड्यात देवाच्या फोटोपुढं चुनखडीचा तो खडा. मी पाणी प्याले, दांडा घेतला आणि एक नळी वळली. वाकडी झाली. आईनं माझ्या हातातून घेऊन नीट केली.

मग कागदाचा ढीग चाचपत म्हणाली, "अश्विने, औंदा तू पत्रक काढणार न्हाईस का गं?"

"काढायचंय की. कामून?"

"पातळ कागदावर काढ. मुळ्यांला सोपं जातं."